‘पाहू ना’ हा नकार आहे का? खराब रूम मुदतीआधी सोडण्याच्या कायद्याचं टीकात्मक वाचन

जून-जुलैत नागपुरात रूम शोधायला आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी चार-पाच रूम पाहतो, दुसऱ्या दिवशी एकीचं डिपॉझिट देतो आणि आठवडाभरात स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळा होतो. बजाजनगर असो, नंदनवन असो की अमरावती रोडच्या कॅम्पसच्या आसपासची वस्ती असो, क्रम साधारण हाच. ऑगस्टमध्ये पाऊस लागला की भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे पडतात, बाथरूमच्या छतातून पाणी टपकतं, गादीला कुबट वास येऊ लागतो. घरमालकाला फोन केला की उत्तर येतं, ‘पाहू ना, पावसाळा संपू दे, करून देतो.’ दिवाळी होते, पाहणं काही होत नाही. मग रूम सोडायची म्हटलं की करारनाम्याचं दुसरं पान निघतं: अकरा महिन्यांच्या आत सोडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही.

मी भाड्याच्या घरांच्या करारनाम्यांवर पीएचडी करतोय, त्यामुळे ‘सर, असं करता येतं का?’ हा प्रश्न मला वारंवार येतो. त्याचं थेट उत्तर या लेखात आहेच. पण तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाची तयारी करताहेत, म्हणून उत्तराइतकंच ते शोधायची रीतही दाखवायची आहे. कायदा हाही एक मजकूरच असतो. कथा-कादंबरीची समीक्षा करताना आपण जे प्रश्न विचारतो, ते कायद्यालाही विचारता येतात. हे कोणासाठी लिहिलंय? नेमका कोणता शब्द वापरलाय? आणि काय लिहिलेलंच नाही?

आधी प्रश्न नीट मांडू

‘घर खराब होतं म्हणून सोडलं’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. एक, मी निघून जाऊ शकतो का? दोन, उरलेल्या महिन्यांचा किराया द्यावा लागेल का? तीन, डिपॉझिट परत मिळेल का? बोलताना आपण तिन्ही एकच समजतो. कायद्यात मात्र त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि एकाचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं. प्रश्न असा फोडून घेतला नाही तर पुढचं सगळं वाचन गढूळ होतं. प्रबंधाच्या आराखड्यातही सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो, हे लक्षात ठेवा.

‘लीव्ह अँड लायसन्स’ हा शब्द तिथे का आहे

करारनाम्याच्या मथळ्यापासून सुरू करा. बहुतेकांवर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावर तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. जागेत तुमचा हक्क निर्माण झालेला नाही, फक्त तिथे राहण्याची परवानगी मिळाली आहे. हा फरक लहान वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर फिरतं.

आणि अकरा महिनेच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. बारा महिन्यांच्या आत राहिलं की ती कटकट टळते, अशी ही देशभर रुळलेली पळवाट. महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बंद झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा असो की लीव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. मुदतीचा इथे संबंध नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलमच सांगतं. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. तरी नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर काम भागवणारे करार सर्रास दिसतात.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी न केलेल्या कागदावरचं ‘डिपॉझिट परत मिळणार नाही’ हे वाक्य दिसतं तितकं भक्कम नाही.

१८८२ : दोन कायदे, आणि दोन्ही नागपूरला आधी

भाडेपट्ट्याचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. परवान्याचा मूळ कायदा म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, तोही १८८२ चाच. दोन्ही १ जुलै १८८२ ला अमलात आले. गंमत अशी की दोन्हींतून मुंबई इलाखा सुरुवातीला वगळला होता. तिथे सुविधाधिकाराचा कायदा १८९१ मध्ये आणि मालमत्ता हस्तांतरणाचा १८९३ मध्ये पोचला. नागपूर मध्य प्रांतात होतं, म्हणून इथे दोन्ही पहिल्या दिवसापासून लागू. ‘महाराष्ट्रातला भाडेकायदा’ असा सरसकट उल्लेख तुमच्या प्रबंधात आला तर तिथे थांबा आणि विचारा, कोणत्या महाराष्ट्रातला, आणि कोणत्या साली?

आता मजकूर पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ मालकाची आणि भाडेकरूची कर्तव्यं सांगतं. मालकाला माहीत असलेला, पण साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष त्याने आधी सांगायला हवा. जी दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च व्याजासह किरायातून वळता करू शकतो. आणि आग, वादळ, पूर अशा कारणांनी जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी ‘मोठ्या प्रमाणात आणि कायमची’ निरुपयोगी झाली, तर भाडेकरूच्या मर्जीने भाडेपट्टा रद्द ठरतो.

या कलमाच्या सुरुवातीलाच एक शर्त आहे: उलट करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तर. म्हणजे छापील नमुन्यात एक ओळ टाकली की यातलं बरंच काही बाजूला सारता येतं. आणि घर राहण्यालायक असलंच पाहिजे, अशी सरळ हमी या कलमात कुठेही नाही.

परवान्याचा कायदा त्या मानाने कोणी वाचत नाही. त्यातही धोकादायक दोष आधी सांगण्याचं कर्तव्य आहे. आणि कलम ६२ मध्ये परवाना कधी संपतो याची यादी आहे. तिच्यातलं एक कारण असं: परवाना घेणाऱ्याने तो स्पष्टपणे किंवा आपल्या कृतीतून सोडून दिला, तर. आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर इथे मिळतं. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला कोणी रूममध्ये डांबून ठेवू शकत नाही. ज्या शब्दाने तुमचे हक्क कमी केले, त्याच शब्दाने तुमचं जाणं सोपंही केलंय. राहिलेले दोन प्रश्न पैशाचे आहेत.

‘कायमचं’ या शब्दाची परीक्षा : २३ सप्टेंबर २०२३

कायद्यातला शब्द नुसता वाचून कळत नाही, तो एखाद्या खऱ्या प्रसंगावर ठेवून पाहावा लागतो. नागपूरकरांना वेगळा प्रसंग शोधायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरचा परिसर, तळमजल्यांवर पाणी आणि चिखल. फ्रिज, गाद्या, पुस्तकं, कागदपत्रं, सगळं त्यात.

आता तळमजल्यावर किरायाने राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची कल्पना करा. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. चिखल काढायला आठवडा गेला. भिंतींची ओल पुढे कित्येक महिने राहिली, प्लगमध्ये करंट उतरेल अशी भीती राहिली. कलम १०८ मध्ये ‘पूर’ हा शब्द स्पष्ट आहे. पण घर ‘कायमचं’ निरुपयोगी झालं का? अक्षरशः वाचलं तर नाही, भिंती उन्हाळ्यात वाळतीलच. परवान्याच्या कायद्यातही जागा ‘कायमची’ बदलली पाहिजे, अशीच भाषा आहे. म्हणजे दोन्ही कायद्यांना मोडून पडलेलं घर दिसतं, ओलं घर दिसत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यासाठी पाच महिने म्हणजे जवळपास अर्धी मुदत. पण ‘कायमचं’ हा शब्द लिहिणाऱ्यांनी घराचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवलं, राहणाऱ्याची मुदत नाही.

करार कायद्यातलं ‘अशक्यतेचं’ तत्त्व, म्हणजे कलम ५६, वापरता येईल असं काहींना वाटतं. भाडेपट्ट्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने राजा ध्रुव देव चंद प्रकरणात १९६८ मध्येच ते दार बंद केलं आहे. भाडेपट्टा हा पूर्ण झालेला व्यवहार मानला जातो, नुसतं पुढे पाळायचं वचन नाही, म्हणून ते कलम त्याला लागत नाही, असं ते तर्कशास्त्र. २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात तर इमारत पाडल्यानंतरही भाडेहक्क संपत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. हे प्रकरण आपल्याच राज्यातलं, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतलं. त्यात भाडेकरूंना जागा टिकवायची होती, म्हणून तो निकाल त्यांच्या बाजूचा. आपल्या विद्यार्थिनीला जागा सोडायची आहे. एकच तत्त्व दोघांना दोन उलट दिशांना नेतं.

१९९९ चा कायदा कोणाची भीती डोळ्यांसमोर ठेवतो

नागपुरात आधी मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ होता. त्यात घरमालकाला भाडेपट्टा संपवायची नोटीस द्यायची तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा होता, पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७ चा. ३१ मार्च २००० पासून या तिघांच्या जागी १९९९ चा एकच कायदा आला.

हे सगळे कायदे एकाच भीतीतून लिहिलेले आहेत: घरमालक भाडेकरूला हाकलून देईल. फाळणी आणि युद्धानंतरच्या टंचाईत ती भीती खरी होती. पण म्हणूनच ‘भाडेकरूलाच निघून जायचंय आणि घरमालक पैसे अडवून बसलाय’ हे चित्र त्यांच्यात जवळपास नाही. जागेचा ताबा कोणत्या कारणांनी मागता येईल, याची लांब यादी कलम १६ मध्ये आहे. खराब घर सोडणाऱ्यासाठी तशी यादी तर नाहीच, एक ओळही नाही.

दुरुस्तीचं कलम आहे, १४ वं. घरमालकाने जागा चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवायची. ठेवली नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च किरायातून कापायचा, मात्र वर्षभरात वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. चांगलं कलम आहे. पण दोन शब्दांवर बोट ठेवा. पहिला, इथेही ‘भाडेकरूने उलट करार केला नसेल तर’ ही शर्त आहेच. दुसरा, कलम ‘भाडेकरू’ म्हणतं. परवानाधारकाची व्याख्या या कायद्यात वेगळी आहे. पाणी-वीज तोडायला मनाई करणारं कलम २९ सुद्धा ‘भाडेकरू’च म्हणतं.

मग लीव्ह अँड लायसन्सवाल्याचं काय? त्याच्यासाठी मुख्य कलम २४ वं, आणि ते मुदत संपल्यावर घरमालकाला ताबा झटपट कसा मिळेल हे सांगतं. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. लेखी परवाना करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा समजायचा, अशी जोडही आहे. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मथळा पाहू नका, व्यवहाराचं खरं रूप पाहा. चाळीस वर्षांनी विधिमंडळाने, निदान या झटपट ताब्याच्या प्रक्रियेपुरतं, कागदालाच शेवटचा शब्द दिला.

आता परत कलम ५५ कडे या. तिथे लीव्ह अँड लायसन्सने जागा घेणाऱ्याचा उल्लेख करतानाही दुसऱ्या पोटकलमात शब्द ‘भाडेकरू’च वापरलाय! एकाच कायद्यात एक शब्द दोन मापांचा. हा लिहिणाऱ्यांचा ढिसाळपणा की मुद्दाम दिलेली सवलत? एवढ्यावरून कलम १४ परवानाधारकालाही लागतं, असा निष्कर्ष काढू नका. पुरावा तेवढा नाही. पण विधी शाखेच्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर प्रबंधासाठी यापेक्षा नेमका प्रश्न क्वचितच सापडेल.

डिपॉझिट जातंच, हा समज

राहिला पैशाचा प्रश्न. लॉक-इनची अट आहे, सही केली आहे, म्हणजे पैसे गेले, असं सगळे धरून चालतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं म्हणत नाही. करार मोडल्यास अमुक रक्कम, असं लिहिलं असेल तर ती रक्कम ही कमाल मर्यादा आहे. तिच्या आत जी भरपाई वाजवी ठरेल तेवढीच मिळते. फतेह चंद प्रकरणात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व आधीच भरलेल्या रकमेला लावलं. कैलाश नाथ प्रकरणात (२०१५) आणखी स्पष्ट केलं की नुकसान मुळात झालेलंच नसेल तर भरपाई नाही, आणि मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं.

आता हे आपल्या रूमवर ठेवा. डिसेंबरात रूम सोडली, जानेवारीत दुसरा मुलगा त्याच किरायाने आला. घरमालकाचं नुकसान किती? फार तर मधल्या काळाचा किराया. मग दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट पूर्ण ठेवून घेण्याचा आधार काय? हा युक्तिवाद कागदावर मजबूत आहे. अडचण अशी की तो मांडायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं. ताबा मागणाऱ्या घरमालकासाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढची झटपट वाट आहे, पंधरा-वीस हजारांचं डिपॉझिट मागणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तशी वाट नाही. माझी या कायद्यावरची मुख्य टीका ही आहे. हक्क दोघांनाही आहेत, वेग एकालाच आहे.

आदर्श भाडेकरार कायदा आणि ‘पाहू ना’

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरार अधिनियम मंजूर केला. तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यात घराच्या डिपॉझिटवर दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा आहे. आणि आपल्या प्रश्नाचं थेट उत्तरही आहे: दुरुस्तीशिवाय जागा राहण्यालायक नसेल, लेखी मागणी करूनही घरमालकाने दुरुस्तीला नकार दिला असेल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू जागा सोडू शकतो.

इतकं स्पष्ट वाक्य वर पाहिलेल्या कुठल्याही कायद्यात नव्हतं, हे मान्य करायलाच हवं. पण त्याचं वाचन नागपूरच्या एखाद्या जिन्यात उभं राहून करा. घरमालक नकार देतो का? मी वाचलेल्या आणि ऐकलेल्या भांडणांत तरी सरळ ‘नाही करत’ असं उत्तर फारसं सापडत नाही. उत्तर असतं ‘पाहू ना’, ‘माणूस पाठवतो’, ‘बेटा, पाऊस थांबू दे’. यातला कोणता नकार? कायद्याने ‘वाजवी वेळेत केली नाही’ असं म्हटलं असतं, जसं १८८२ च्या कायद्यात दुरुस्तीबाबत म्हटलंय, तर प्रश्न आला नसता. दुसरं, ‘राहण्यालायक नाही’ म्हणजे किती खराब, याची मोजपट्टी मसुद्यात नाही.

मोजपट्टीचा हा प्रश्न जुना आहे. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या एका घरावरून स्मिथ विरुद्ध मॅरेबल हा खटला झाला. मॅरेबल कुटुंबाने आठवड्याला आठ गिनीप्रमाणे पाच-सहा आठवड्यांसाठी सामानासह घर घेतलं. घरात ढेकूण निघाले. ते मुदतीआधी निघून गेले, आणि न्यायालयाने सांगितलं की सामानासह दिलेलं घर राहण्यालायक असणं ही न लिहिलेली अटच आहे. बिनसामानाच्या घराला मात्र तिथल्या न्यायाधीशांनी ती अट लावली नाही. वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या जाविन्स खटल्यात हे तत्त्व खूप पुढे गेलं. तिथे न्यायालयाला एक सोय होती: शहराची घरांसाठीची नियमावली. तिचा किती ठिकाणी भंग झालाय हे मोजता आलं, भाडेकरूंनी सुमारे दीड हजार भंग दाखवायची तयारी ठेवली होती.

अशी उदाहरणं वाचली की आपल्याकडेही तेच व्हावं, असं लिहायचा मोह होतो. जरा थांबा. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत खोलीचं किमान क्षेत्रफळ, खिडक्या, हवा खेळती राहण्याची सोय हे सगळं आहे, पण ते बांधकामाची परवानगी देतानाचं. दहा वर्षांनी स्लॅब गळतोय का, हे किरायाने देताना कोणी पाहत नाही. २०११ च्या जनगणनेत घराच्या स्थितीसाठी तीनच रकाने होते: चांगलं, राहण्याजोगं, मोडकळीस आलेलं. ओल, बुरशी, मेमध्ये गच्चीखालच्या खोलीतला उकाडा, हे सगळं ‘राहण्याजोगं’ या एका रकान्यात जाऊन बसतं. परदेशी तत्त्व आणायचं तर ते मोजणारी यंत्रणाही आणावी लागेल. तुलनात्मक अभ्यासात ही पायरी हमखास गाळली जाते.

सोडून जाणं सगळ्यांना सारखं परवडत नाही

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० चं एक पुस्तक संशोधनाच्या विद्यार्थ्याने वाचावंच: ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. एखादी सेवा खराब झाली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. बाजारावर विश्वास असणारे म्हणतात, लोक निघून गेले की सेवा सुधारते. नायजेरियाच्या रेल्वेचं उदाहरण देऊन हर्शमन दाखवतो की तसं दरवेळी होत नाही. ज्यांना आवाज उठवता आला असता तेच आधी निघून जातात, आणि सेवा तशीच राहते.

विद्यार्थ्यांच्या रूमचं हेच होतं. दरवर्षी जूनमध्ये नवी मुलं येतात, त्यांना गेल्या पावसाळ्याची ओल दिसत नाही, कारण उन्हाळ्यात रंग मारून झालेला असतो. आधीचा मुलगा का गेला, हे सांगायला कोणी नसतं.

आणि निघून जाण्याची किंमतही सारखी नाही. सुखदेव थोरात, मूळचे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, यांनी सहकाऱ्यांसोबत २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोन करून आणि प्रत्यक्ष भेटून घर मागायचं, आणि नावानुसार उत्तर कसं बदलतं ते टिपायचं. दलित आणि मुस्लिम नावांना नकार जास्त मिळतात, हे त्यातून पुढे आलं. आता आपला प्रश्न पुन्हा वाचा. ज्याला दुसरी रूम मिळायला दोन महिने लागतील, तो ओलीतच राहतो. म्हणून ‘किती जणांनी रूम सोडली’ एवढंच मोजणारा अभ्यास सर्वात जास्त अडकलेल्या माणसांना वगळतो. ज्यांनी सोडली नाही, त्यांनाही विचारायला हवं.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

प्रश्न लहान ठेवा. ‘नागपुरातील भाडेकरूंच्या समस्या’ हा विषय होत नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स करारांत दुरुस्तीची जबाबदारी कोणावर टाकली जाते’ हा होतो. करारनामे गोळा करताना नाव, आधार क्रमांक, पत्ता झाकल्याशिवाय प्रत ठेवू नका. घरमालकांशीही बोला. पेन्शनवर जगणारा आणि वरची एक खोली देणारा माणूस आणि वीस खोल्यांची इमारत चालवणारा माणूस यांना एकाच शब्दात बसवू नका. आणि ‘खराब’ हा शब्द प्रश्नावलीत वापरू नका. ‘गेल्या पावसाळ्यात किती दिवस छत गळलं’ असं विचारा.

सध्या स्वतःच अशा रूममध्ये असाल तर चार गोष्टी. तक्रार तोंडी न करता लिहून करा, व्हॉट्सॲपवर का होईना, तारखेसह. ओलीचे फोटो महिन्या-महिन्याला काढा. ‘पाहू ना’ला उत्तर म्हणून एक ठरावीक तारीख लिहून पाठवा, त्या तारखेनंतरचं मौन तुम्हाला दाखवता येतं. आणि किल्ली परत करताना मीटरच्या रीडिंगसह पोच घ्या. वाद वाढलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

आजच करायचा एक अभ्यास देतो. स्वतःचा करारनामा काढा आणि त्यातली कर्तव्यं दोन रकान्यांत लिहा: घरमालकाची डावीकडे, तुमची उजवीकडे. डावा रकाना किती भरतो ते पाहा. त्यात दुरुस्तीबद्दल एक तरी ओळ आहे का, आणि असली तर ती कोणाला बांधते, एवढंच शोधा.